रुचिता भोईरचा उजवा पाय

समृद्धीचा जबडा मोडला तेव्हा आवाज झाला होता. कबड्डीच्या मैदानाच्या कडेला बसलेल्यांना तो वाळलेली काटकी मोडल्यासारखा ऐकू आला. रुचिताला ऐकू आलाच नाही. तिला एवढंच कळलं, की घोट्यावरची पकड सुटली आणि मध्यरेषा हाताला लागली. ती उठली, छाती काढून वळली, तेव्हा तिच्याच संघातल्या पोरी तिच्याकडे बघत नव्हत्या. सगळ्या पलीकडे बघत होत्या. तिथे टिटवाळ्याच्या संघाची समृद्धी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड धरून मातीत बसली होती, आणि तिच्या बोटांमधून रक्त येत होतं.

कबड्डी संघटनेनं रुचिताला दोन वर्षांसाठी बाहेर काढलं. समृद्धीचे वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना बांधले. कितीतरी दिवस ती नळीने पेज प्यायली. रुचिता एकदा तिच्या घरी गेली. समृद्धीच्या आईने दार उघडलं, कोण आलंय ते पाहिलं आणि दार लावून घेतलं.

डोंबिवलीजवळ कोपरला, भोईरांच्या घरी मात्र त्या आठवड्यात मटण झालं. तिचा बाप तानाजी भोईर एके काळचा चढाईपटू. गुडघ्याने दगा दिला म्हणून खेळ सुटला, पण खेळाचा हात सुटला नाही. रुचिता जेवत असेल, दार उघडत असेल, झोपेतून उठून पाय खाली टाकत असेल, कुठूनतरी तो हात यायचा आणि तिचा घोटा पकडायचा. लाथ मारून सुटायचं. नाही सुटली, तर त्याच घोट्यावर वेताची छडी. शिकवण एका ओळीची होती. "पाय धरला का मारायचा. कोन हाय त्या बघाचा नाय." शाळा संपेपर्यंत तिचा उजवा पाय तिच्याआधी विचार करायला लागला होता. तिची आई मंजुळा त्या घरात कधीच पाय लांब करून बसत नसे.

खेळ बंद झाल्यावर रुचिता खाडीच्या काठाने धावायला लागली. अंगात इतकं काही साठायचं की ते कुठेतरी ओतावं लागे. तिथे रेतीच्या जुन्या धक्क्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये रत्नदीप सर विंडसर्फिंग शिकवायचे. नौदलातून निवृत्त झालेला, कल्याणहून स्कूटरवर येणारा उन्हाने काळवंडलेला माणूस. गोव्याहून आणलेले जुने बोर्ड, ठिगळं लावलेली शिडं. रोज धावताना ती थांबून बघते हे त्यांनी पाहिलं होतं. तिचं नावही त्यांना माहीत होतं. त्या जबड्यानंतर डोंबिवलीत ते पुष्कळांना माहीत होतं.

"ये पाण्यावर," ते म्हणाले. "इथे मारायला कोणी नाही."

पहिले काही महिने तसंच होतं. बोर्डवर उभं राहायचं, दोरीने शीड पाण्यातून वर खेचायचं, त्याच्या आडव्या दांड्याला, म्हणजे बूमला, दोन्ही हातांनी धरायचं आणि वाऱ्याशी भांडायचं. वारा तिला पाण्यावर आपटायचा. कधी पाठीवर, कधी तोंडावर. तळव्यांची सालं निघाली, कालवं चिकटलेल्या दगडांनी नडग्या फाटल्या. तिला बरं वाटायचं. उलट लाथ मारता येत नाही असा मार तिने पहिल्यांदाच खाल्ला होता.

पण ती वेगात जायला लागली आणि प्रश्न उभा राहिला. जोराच्या वाऱ्यात बोर्ड पाण्यावर उचलला जातो आणि लाटांवरून दगडासारखा टणटण उडत जातो. तेव्हा मोकळे पाय बोर्डवर राहत नाहीत. त्यासाठी बोर्डच्या मागच्या भागावर पट्टे असतात, चपलेच्या पट्ट्यांसारखे. पाय त्यांत घालायचे.

सरांनी बोर्ड वाळूवर ठेवला. रुचिता वर उभी राहिली. तिचा पाय पट्ट्यात घालून तो मापात घट्ट करायला सर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी तिचा घोटा धरला.

टाच त्यांच्या तोंडावर बसली. सर मागे कोसळले. उठून ते थुंकले. वाळूत रक्त आणि अर्धा दात.

"सर! सर, मी नाही..."

"तू नाही तर कोण? माझा दात स्वतःहून उडाला?"

"पाय गेला सर. मी नाही मारली."

त्यांनी दात उचलून खिशात टाकला. बोलताना ओठातून रक्त ओघळत होतं. "भोईर, मग उद्या पायाला घरी ठेवून ये. आणि नीट ऐक. इथे कॉलेजची पोरं येतात. अजून एकाला जरी तुझ्यामुळे लागलं, तर बोर्ड जमा. परत काठावर दिसायचं नाही."

रुचिताने मान हलवली. घर, मैदान, समृद्धीचं दार. कुठेच तिच्या अंगाला जागा उरली नव्हती. ही एक होती.

खाडी ओलांडून जाताना डावा पाय पुढच्या पट्ट्यात जातो, परत येताना उजवा. डावा महिन्याभरात शिकला. उजवा शिकेना. पलीकडच्या काठाला वळून ती निघायची, बोर्ड वेग घ्यायचा, ती उजवा पाय पट्ट्यात सरकवायची, पट्टा पावलावर बसायचा आणि मांडीतून आग गेल्यासारखी लाथ सुटायची. बोर्ड तिरका व्हायचा. तिच्या कमरेच्या पट्ट्याचा हूक बूमच्या दोरीत अडकलेला असायचा, त्यामुळे शीड कोसळताना तिला गोफणीतल्या दगडासारखं पुढे फेकायचं. एकदा डोलकाठी नाकावर बसली. एकदा बरगडी दुखावली. एकदा तिने झिडकारलेला बोर्ड उलटून पायलच्या डोक्यावरून गेला. पायल तिच्याबरोबर शिकणारी, ठाण्याची, सगळ्यावर हसणारी पोर. त्या दिवशी तीही हसली, पण जरा उशिरा.

"अगं रुचिता, मला मारायचंय तर सांगून मार ना यार. मी हेल्मेट घालते."

काठावरून सर बघत होते. बोर्ड केसांना नुसता चाटून गेला होता, म्हणून त्यांनी तो जमा केला नाही.

नंतर त्यांनी तिला शेडच्या आडव्या पाइपला लटकायला लावलं. "सगळं वजन हातांवर दे. आता पाय बघ. कसा लोंबतोय? बूमला असंच लटकायचं. तू पायावर उभी राहतेस, म्हणून पट्टा त्याला पकडतो. हलक्या पायाला काय पकडणार? आत जातानाही हलका, बाहेर येतानाही हलका. ओढायचा नाही, झटकायचा नाही." मग पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि हा मापात ठेव. बाहेर फक्त बोटं दिसली पाहिजेत. ढिला पट्टा सगळ्यात वाईट. पाऊल आरपार जातं आणि घोटा अडकतो."

त्या संध्याकाळी सुजलेलं नाक घेऊन ती घरात शिरली.

"कोनी मारला?" तानाजीने विचारलं.

"पट्ट्याने."

"पट्ट्यानं!" तो हसला. ती त्याच्या खुर्चीजवळून जात होती. हात आलाच. लाथ त्याच्या छातीवर बसली, तो खुर्चीसकट भांड्यांच्या मांडणीवर गेला, ताटं-वाट्या त्याच्या अंगावर कोसळल्या. कपाळावरून रक्ताची रेघ उतरली, आणि तो खोकत, आनंदाने ओरडला, "हां! अशी! माजी पोर!"

मंजुळा खाली वाकून वाट्या गोळा करत होती. एक वाटी रुचिताच्या पायाजवळ गडगडत आली होती. ती उचलायला आई पुढे झाली, आणि पायापासून हातभर अंतरावर थांबली. मग झाडूने तिने ती वाटी ओढून घेतली.

रुचिताने ते पाहिलं. पुढे खूप दिवस तिला लाथ आठवली नाही, झाडू आठवला.

मे संपत आला. पावसाळ्यात केंद्र बंद राहणार होतं. त्या दुपारी वारा असा सुटला की खाडीचं मातकट पाणी फेसाने पांढरं झालं, तिवरांची झाडं एका बाजूला लोळली. सर म्हणाले, "आज जायचं आणि यायचं. दोन्ही पाय आत. जमलं तर पावसानंतर तुला स्पर्धेच्या पोरांत घेतो."

बोर्ड पाण्यात नेण्याआधी रुचिताने कोणाचं लक्ष नाही असं पाहून उजव्या बाजूचा पुढचा पट्टा ढिला केला. पुरता ढिला. पकडूच नये इतका.

जाताना सगळं ठीक झालं. पलीकडे तिने शीड फिरवलं, वारा अंगावर घेतला, हूक अडकवला. बोर्ड उठला. पाणी खालून हातोडीसारखं ठोकत होतं. तिने बूमला वजन दिलं, उजवा पाय सरकवला. तो सहज आत गेला, कारण पट्टा नव्हताच जणू. तिला हसू आलं. आणि मग लक्षात आलं, की तिने श्वास धरून ठेवलाय आणि ओठ आपोआप हलताहेत. कबड्डी, कबड्डी, कबड्डी.

वाऱ्याचा तडाखा बसला. बोर्डचं नाक पाण्यात घुसलं. ती पुढे फेकली गेली, पण पाय आला नाही. पाऊल पट्ट्यातून आरपार गेलं होतं आणि घोटा अडकला होता. हाड पिळवटल्याची कळ डोक्यापर्यंत गेली. वर शीड पडलं. कमरेचा हूक दोरीत, पाय पट्ट्यात, तोंडात खाडीची माती. तिने ओढलं. पीळ अजून आवळला.

आणि कोणीतरी तिचा घोटा धरला.

पाच बोटं. माणसाची. गढूळ पाण्यात काही दिसत नव्हतं, पण बोटं खरी होती, आणि जिथे बोटं तिथेच पुढे चेहरा असणार हे तिच्या पायाला लहानपणापासून पाठ होतं. मांडी आवळली. टाच मागे आली. एका क्षणात तिला मैदानातला, तेव्हा न ऐकलेला तो आवाज ऐकू आला. काटकी मोडल्याचा.

तिने हात वर केले. चाचपडत बूम सापडला. तिने तो धरला आणि सगळं वजन, भीतीसुद्धा, हातांवर टाकलं. पाय सोडून दिला. परक्या हातात आपला पाय असा सोडून देणं तिला मरणासारखं वाटलं. बोटांनी तो वळवला, टाच तिरकी केली, पट्टा वर उचलला. पाय बाहेर आला.

तिने हूक सोडवला आणि ती शिडाच्या कडेने वर आली, तेव्हा पायल शेजारी खोकत होती. नाक शाबूत, दात शाबूत.

"मेलीस वाटलं गं मला!" पायल किंचाळली. "वर येईचनास! शेवटी माझा बोर्ड सोडून मीच घुसले खाली."

"मी लाथ मारली असती तुला."

"पण मारली नाहीस ना. गप, बोर्ड धर."

काठावर सरांनी बोर्ड उलटासुलटा केला. पट्ट्यावर त्यांचा हात थांबला. "कोणी ढिला केला?"

"मी."

सर मोडलेल्या दाताच्या जागी जीभ फिरवत राहिले. पायल मध्येच म्हणाली, "सर, कोणाला लागलं नाहीये हं. मी मोजले, माझे बत्तीसच्या बत्तीस आहेत."

"भोईरला लागलंय," सर म्हणाले. घोटा तोवर वांग्यासारखा जांभळा झाला होता. "घरी जा."

रुचिता गेली नाही. ती बोर्डजवळ बसली, पाय पट्ट्यात घातला आणि स्वतःच्या हाताने पट्टा आवळत नेला, बाहेर फक्त बोटं दिसेपर्यंत. सुजलेल्या पावलावर तो बसला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पाय हलला नाही. सरांनी ते पाहिलं आणि ते वाटेतून बाजूला झाले.

ती गेली आणि आली. येताना उजवा पाय आत होता, नंतर डावाही मागच्या पट्ट्यात गेला. वारा मारत होता, पाणी मारत होतं. ती बूमला लटकून होती, मोठ्याने श्वास घेत आणि सोडत.

घरी लंगडत आली तेव्हा दिवेलागण होत होती. तानाजी उंबऱ्याशी बसला होता. त्याने सूज पाहिली. पाहिली, आणि म्हणूनच त्याचा हात नेमका तिथे गेला.

घोटा मुठीत आला. रुचिता दारातच थांबली.

"मार," तो म्हणाला.

तिने मारलं नाही. त्याने मूठ आवळली. सूज आत दाबली गेली, तिच्या घशातून आवाज निघाला. आतल्या खोलीत मंजुळा उभी राहिली.

"मार ना गो! भ्याली कं?" त्याने पिळलं. "मार! मार म्हनतंय ना!" त्याच्या कपाळावर मांडणीची खूण अजून होती. आता त्याच्या आवाजात काहीतरी फाटत चाललं होतं.

रुचिताने हात वर नेले. दाराच्या चौकटीचं वरचं लाकूड धरलं आणि त्यावर सगळं वजन टाकलं. पाय हलका झाला, इतका हलका, की तो कोणाचाच नव्हता. तिने टाच तिरकी केली. पाय त्याच्या मुठीतून निघून आला, ओल्या हातातून साबण जावा तसा.

तानाजीची मूठ तशीच राहिली, हवेत. आयुष्यभर त्याने पकड शिकवली होती आणि पकड सोडवण्याची एकच रीत. तो मुठीकडे बघत बसला.

रुचिता आत गेली. भिंतीला टेकून खाली बसली आणि दुखरा पाय सरळ पुढे पसरला. मंजुळा हळद गरम करून घेऊन आली. हातभर अंतरावर ती थांबली, मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. मग बसली, दोन्ही हातांनी तो घोटा उचलला आणि आपल्या मांडीवर घेतला.