खंडेनवमीला भिजलेली बिस्किटं

वडिलांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी आधी त्याचा दोष पटाशीला दिला. धार गेली म्हणाले. मग दांडा सैल झालाय म्हणाले, मग शेडमधल्या ट्यूबलाइटला शिव्या घातल्या. डॉक्टरांनी कंपवात हा शब्द उच्चारला तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, थंडीमुळे असेल. एप्रिल चालू होता आणि दवाखान्याबाहेर डांबर वितळत होतं.

नाशिकच्या पेठ रोडला आमचं घर, घराला चिकटून पत्र्याची शेड आणि शेडमध्ये वडील. माझ्या लेखी या तीन वेगळ्या गोष्टी कधी नव्हत्याच. ते सुतार, आणि पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते सांध्यासाठी. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, तिला कूस म्हणतात. दुसऱ्या लाकडात नेमकी तिच्याच मापाची खाच पाडायची. आणि दोन्ही एकमेकांत अशी बसवायची की मधून केसही जाऊ नये. खिळ्याचा त्यांना तिटकारा. खिळे ठोकणाऱ्या सुताराचा विषय निघाला की "तो द्राक्षाच्या पेट्या करतो" एवढंच म्हणायचे, आणि त्यांच्या दृष्टीने त्या माणसाचा निकाल लागलेला असायचा.

थरथरत्या हाताने कूस निघत नाही. रेघ एकीकडे राहते आणि पटाशी दुसरीकडे उतरते. बिघडलेला तुकडा ते कोपऱ्यात फेकायचे, आणि आई तो उचलून बंबात घालायची. ते वर्षभर आम्ही चांगल्या सागवानावर तापवलेल्या पाण्याने आंघोळी केल्या. मला त्या पाण्याचा राग यायचा. एकदा धुणं वाळत घालताना आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे शेडमधून उठले की संपले. काहीतरी कर." ती कुणाकडे काही मागणारी बाई नव्हती, म्हणून मी घाबरले.

मी तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरला होते. अवजारांची माहितीपत्रकं माझ्या टेबलावर येऊन पडत. त्यातल्या एकात मला बिस्किट जॉइनर दिसलं. दोन फळ्या कडेला कड लावून जोडायच्या असतील तर हे यंत्र दोन्ही कडांत एकेक अर्धगोल चीर पाडतं. त्या चिरांत गोंद घालून मध्ये लाकडाची एक चपटी, लांबट गोल चकती बसवायची. चकती दाबून बनवलेली असते. ती गोंद पिते, फुगते आणि दोन्ही फळ्या आतून धरून ठेवते. चकतीचं नावच बिस्किट. मला नाव महत्त्वाचं नव्हतं. चित्रातल्या माणसाने यंत्र दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ते लाकडावर सपाट टेकलं होतं. टेकलेली वस्तू थरथरणार कशी, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी माहितीपत्रक लांब धरून पाहिलं. मग म्हणाले, सागाला आता बिस्किटं खाऊ घालायची का. आईने विचारलं, सोबत चहा टाकू का. दोघं हसले. त्या घरात कित्येक महिन्यांनी कुणी हसत होतं, त्यामुळे मी चिडायचं सोडून दिलं.

गणपती उठल्यावर आम्ही भद्रकालीतल्या एका दुकानात गेलो. मी प्रश्न विचारायचे आणि दुकानदार उत्तर वडिलांना द्यायचा, जणू मी त्यांच्या पिशवीतून आवाज काढत होते. आधी त्याने ग्राइंडरला लावायचा एक स्वस्त जोड दाखवला. मी तो फळीवर टेकवून पाहिला. समोरची पट्टी, जी यंत्राला सरळ ठेवते, ती बोट लावताच हलत होती. पट्टी हलली की चिरा वरखाली पडणार आणि फळ्यांना पायरी येणार. मी नको म्हटलं. त्याने वडिलांना विचारलं, "काका, तुमचं काय म्हणणं?" वडील म्हणाले, "ती म्हणती तेच." ते वाक्य मी अजून सांभाळून ठेवलं आहे.

दुसरं यंत्र जड होतं. त्याची पट्टी घट्ट होती, बटण एकदा पुढे सरकवलं की धरून ठेवावं लागत नव्हतं, आणि पातं आत लपलेलं असे. पुढे दाबलं तरच बाहेर यायचं, सोडलं की स्प्रिंगने मागे जायचं. वडिलांनी दुकानातच एका तुकड्यावर दाबून पाहिलं. चीर पडली. त्यांनी तिच्यात नखाची कड फिरवली, पुन्हा फिरवली, आणि ती सरळ होती. त्यांचा हात यंत्रावरून उचलला तसा परत थरथरू लागला, पण चिरेला त्याचा पत्ता नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी दोन तुकडे जोडले, रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवले आणि सकाळी हातोड्याने फोडायला घेतले. लाकूड तुटलं, सांधा तुटला नाही. ते तुकडे त्यांनी दाराच्या उंबऱ्यावर आणून ठेवले आणि माझी कामावर जायची वेळ झाली तरी मला हलू दिलं नाही.

"हे पण हत्यारच हाय," ते म्हणाले.

त्यानंतरचे काही आठवडे शेडमधून पुन्हा आवाज येऊ लागला. त्यांनी आईला देव्हाऱ्याखालचं फडताळ करून दिलं, शेजाऱ्यांचं बाक केलं. पिंपळगावच्या एका द्राक्ष बागायतदाराचा नवा बंगला होत होता; त्याच्या जुन्या घरात वडिलांनी पूर्वी दारं केली होती. त्याने जेवणाचं सागवानी टेबल सांगितलं, आणि वडिलांनी हो म्हटलं. हो म्हणताना त्यांनी हात पाठीमागे धरला होता. हे टेबल नीट उतरलं तर आपण अजून सुतार आहोत, असं त्यांनी मनाशी ठरवलेलं होतं. आम्हालाही ते ठाऊक होतं, म्हणून घरात टेबलाचा विषय आम्ही जपून काढायचो.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे सगळी हत्यारं धुवून पुसून पाटावर मांडतात. हळदकुंकू, झेंडूची फुलं, पाण्याचं शिंपण. पूजेतलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नसतं. त्याची सुट्टी असते आणि दसऱ्याला ते पुन्हा हातात घ्यायचं. दरवर्षी रंधे आणि करवती पुढे असत. त्या वर्षी वडिलांनी मधोमध नवं यंत्र ठेवलं. डबा उघडून बिस्किटं पितळी ताटात ओतली आणि तेही ताट यंत्रापुढे मांडलं. यंत्राचा मान ठेवायचा आणि त्याच्या शिध्याचा नाही, हे त्यांना पटेना. कुंकू लावताना बोट इकडेतिकडे जात होतं, तरी त्यांनी मला लावू दिलं नाही. फूल पाण्यात बुडवून त्यांनी सगळ्यांवर शिंपडलं आणि धुतलेल्या झेंडूचा ओला हार ताटावर ठेवला. हार दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच होता. बिस्किटं पाण्यानेही फुगतात हे आम्हा कुणालाच सुचलं नाही. गोंद पिऊन फुगतात एवढंच दुकानदाराने सांगितलं होतं, आणि आम्हाला तो त्यांचा गुण वाटला होता.

दसऱ्यानंतर टेबलाच्या फळ्या जोडताना बिस्किटं चिरांत सहज जाईनात. दुसऱ्या कुणी डबा फेकून दिला असता. वडील खूश झाले. घट्ट जाणारी कूस हीच चांगली कूस, हे त्यांच्या हाताला जन्मभर माहीत होतं. लाकडी मोगरीने हलके ठोकून त्यांनी एकेक बिस्किट आत घातलं, फळ्या शिकंज्यात आवळल्या, आणि गोंद सुकल्यावर वर किंचित फुगलेला भाग रंध्याने सपाट करून टाकला. रंधा दोन हातांचा, तो त्यांना अजून साधत होता. पॉलिश चढलं तेव्हा टेबलाकडे बघत राहावंसं वाटत होतं. आईने त्यावर मीठमोहऱ्या ओवाळल्या.

टेबल न्यायला टेम्पो येणार होता तो बंगल्याच्या फरशीचं काम राहिल्यामुळे लांबला. नाशिकची कोरडी थंडी पडली. एका सकाळी मी शेडमध्ये चहा घेऊन गेले तर दारातून ऊन तिरपं आत आलं होतं, आणि टेबलावर सांध्यांच्या दोन्ही बाजूंना लांबट गोल खळगे दिसत होते. आतली बिस्किटं वाळून आकसली होती, आणि रंध्याने आधीच कापलेलं वरचं लाकूड त्यांच्याबरोबर खाली बसलं होतं. प्रत्येक बिस्किट कुठे आहे ते बोट दाखवून सांगता आलं असतं. सांधा कुणाला दिसू नये यासाठी ज्याने आयुष्य घालवलं, त्याच्या टेबलावर सगळे सांधे वर आले होते.

मी वडिलांना खळगे दाखवले आणि म्हटलं, पुन्हा रंधा मारू, आता लाकूड वाळलंय, जातील. खरंच गेले असते. वडिलांनी हात टेबलावर सपाट ठेवला आणि सावकाश फिरवला. टेकला तरी तो थरथरत होता. तसा तो मी पूर्वी पाहिला नव्हता.

"आता मला बोटांनी कळत नाही गं," ते म्हणाले. "तू दाखवलं म्हणून दिसलं."

त्यांनीच पिंपळगावला फोन करून दुसरा सुतार बघायला सांगितलं. ते टेबल आमच्याच घरात आलं. आई त्यावर कायम जाड कापड घालून ठेवायची, आणि कापड सरकलं की जेवता जेवता नीट करायची.

पुढच्या खंडेनवमीला वडिलांनी सगळी हत्यारं पाटावर मांडली. यंत्रही मांडलं. बिस्किटांचा डबा मात्र बंदच ठेवला, आणि पाणी शिंपडताना त्यावर आडवा हात धरला. यावेळी कुंकू त्यांनी मला लावायला सांगितलं. दसऱ्याला आपट्याची पानं वाटून झाली, सोनं घ्यायला माणसं येऊन गेली, तरी पाट तसाच होता. दिवाळी जवळ आली. झेंडू काळा पडला. आईने झाडताना विचारलं की आता हे उचलून ठेवू का.

"राहू दे," ते म्हणाले. "त्यांची सुट्टी हाय अजून."

आईने केरसुणी टेकवून ठेवली आणि पाटाभोवतीची जागा हाताने पुसून घेतली.