बालाजी वर्गाला आला होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. नोकरीतल्या मैत्रिणींना तर नाहीच — त्यांच्यात माझं नाव चांगलं आहे. मग आज तरी का सांगतेय? माहीत नाही. सांगून मन हलकं होईल असं वाटत असतं, तर कधीच सांगून मोकळी झाले असते.

मी नर्स आहे. बाळंतपणं करण्यात आयुष्य गेलं. माहेर पाथरीचं, आणि पहिली नेमणूक मिळाली ती राणीसावरगावच्या पलीकडच्या एका लहानशा गावात — गावाचं नाव राहू द्या. तिथल्या उपकेंद्राच्या ओसरीवर मी गरोदर बायांचा वर्ग घ्यायचे. काय खायचं, गोळ्या कशा घ्यायच्या, कळा कशा ओळखायच्या, आणि कोणती लक्षणं दिसली की घरात एक घटकाही थांबायचं नाही. बाया सतरंजीवर बसायच्या, सोबत कुणाची सासू, कुणाची जाऊ. मला शिकवायला मनापासून आवडायचं. हे खरं आहे — पण त्याचं आता काय करायचं?

त्या वर्गाला एकदा एक गडी आला. बालाजी. गंगाखेडच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचा. त्याची बायको गोदा त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी, जन्मापासून मुकी-बहिरी. दोघं एकाच अंगणात खेळून वाढलेली. त्यांची हातवाऱ्यांची एक भाषा होती, ती त्या दोघांखेरीज कुणालाच येत नव्हती. बालाजीच्या आईलासुद्धा धड नाही.

"शिस्टर, गोदीला आयकू येत न्हाई," तो म्हणाला. "मी आयकतो अन् घरी जाऊन तिला सांगतो. बायांना अवघड वाटत आसंल तर भिताडाकडं तोंड करून बसतो की."

आणि बसला. खरंच भिंतीकडे तोंड करून बसला. बाया पदर तोंडाला लावून फिदीफिदी हसायला लागल्या. मग मी — हो, मीच — विचारलं, "भाऊ, कितवा महिना तुम्हाला?"

ओसरीवर हसण्याचा नुसता कल्ला. तोही हसला, तसाच, भिंतीकडे बघत. मी गावात नवी होते, एकटी राहत होते. बायांनी मला आपली मानावं असं फार वाटायचं. त्या दिवशी त्यांनी मानलं.

पुढच्या वर्गाला तो पुन्हा आला. एक म्हातारी म्हणाली, "गडी मानसापुढं आमच्या पोरी काय इचारतील वो, शिस्टर?" तिचं चुकीचं नव्हतं. पण त्याला नंतर वेगळं बसवून सांगता आलं असतं. तोही तेच म्हणत होता — समद्या गेल्यावर सांगा, मी थांबतो. मी म्हणाले, बघू. आणि यापुढं येऊ नका, बायकोला पाठवा.

त्यानं पाठवली. गोदा अगदी पुढं बसायची. माझ्या तोंडाकडे एकटक बघायची, बाकीच्यांनी मान हलवली की आपणही हलवायची. तिला काही म्हणजे काही कळत नाही, हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. बालाजीनंही मला दोनदा रस्त्यात थांबवलं. एकदा मला घाई होती. दुसऱ्यांदा — घाई नव्हती. परक्या गड्याशी बोलत उभी राहिले तर लोक काय म्हणतील, एवढंच मनात होतं.

नववा महिना लागला. मागच्या तपासणीत रक्तदाब ठीक होता, मी निर्धास्त होते. मग घरी गोदा कपाळ दाबून बसायला लागली — हे मला मागाहून कळलं. डोळ्यांपुढचं काहीतरी झटकावं तसा हात फिरवायची. बालाजीला तो हात कळला. डोकं ठणकतंय, अंधारी येतेय — त्याला सगळं कळलं. ते कशाचं लक्षण आहे, तेवढं त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. ऊन लागलं असेल म्हणून तो तिच्या तळपायांना कांदा चोळत बसला.

एका सकाळी तिला झटके आले. परभणीच्या वाटेवर, जीपमध्येच गेली. पोटात लेकरू होतं.

चौकशीला तालुक्याचे डॉक्टरसाहेब बालाजीच्या घरी आले, मी सोबत होते. बालाजी उंबऱ्यात बसला होता, डोकं भादरलेलं. साहेबांनी विचारलं, घरच्यांना धोक्याची लक्षणं कुणी सांगितली नव्हती का? मला कुणी दरडावलं नव्हतं. खरं बोलता आलं असतं. मी म्हणाले, "ती वर्गाला येत होती, साहेब. नवऱ्याला किती वेळा बोलावलं. तो एकदाही आला नाही."

वर्गातल्या दोघी-तिघी तिथंच उभ्या होत्या. त्यांनी माना खाली घातल्या. बालाजीनं वर बघितलं, थेट माझ्याकडे. मला वाटलं, आता बोलेल. बोलला —

"व्हय साहेब. मपलंच चुकलं."

त्या दिवसापासून गावानं त्याला सोडलं नाही. मुकी म्हणून बायकोकडं बघितलं न्हाई, म्हणायचे. मामानं, गोदाच्या बापानं, त्याचं तोंड बघणं टाकलं. शेवटी शेवटी त्याची आईसुद्धा तेच बोलायला लागली. मी ऐकत होते. मग माझी बदली झाली.

आता मी वर्गाला नवऱ्यांना आग्रहानं बोलावते, पहिल्या रांगेत बसवते. एका बैठकीत त्याबद्दल माझं कौतुक झालं. टाळ्या वाजल्या. मी हात जोडले. काय केलं असतं तुम्ही माझ्या जागी? नको, सांगू नका.

गेल्या वर्षी मानवतच्या स्टँडवर कुणीतरी हाक मारली, "शिस्टर ना?" बालाजी होता. पाठीत वाकलेला. एकटाच राहतो म्हणाला. माझी, लेकरांची विचारपूस केली.

"एक इचारू का शिस्टर? लय दिवसाचं डोक्यात हाय. मला वाटतं, मी आलतो वर्गाला. दोनदा. पर समदे म्हन्त्यात, आलाच न्हाईस. आता मपलं मलाच खरं वाटंना. तुमाला आठवतंय का — आलतो का मी?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मी म्हणाले, "लई वर्षं झाली, भाऊ. मलाही आता आठवत नाही."

तो म्हणाला, "आसंल, आसंल." माझी पिशवी त्यानंच उचलून गाडीत दिली. मला खिडकीची जागा मिळाली. गाडी सुटेपर्यंत तो खाली उभा होता. मी दुसरीकडे बघत होते.