थेंबही न गळणाऱ्या गाडीतून इगतपुरीला

नाशिकरोडहून निघालो तेव्हा आमच्या गाडीवर धो धो पाऊस पडत होता, पण टिकत मात्र नव्हता. अळूच्या पानावरून घरंगळावं तसं पाणी टपावरून घरंगळून थेट रस्त्यावर जात होतं. आमचे हे खिडकीतून मान काढून ते कौतुक बघत होते आणि मी "अहो, आधी समोर बघा!" म्हणून ओरडत होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. हे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर कामाला. देवळाली कॅम्पच्या बाजारातून यांनी एक जुनी मेटॅडोर आणली. आत दोन बाकं, एक स्टोव्ह आणि पडदे बसवले आणि 'चालतं घर' म्हणून जाहीर करून टाकलं. सासूबाईंना ते मुळीच पटलं नाही.

"गळक्या घरात जागोजागी भांडी मांडून मी पोरं वाढवली, मधू. आता गळकं काही दारात नको."

मग त्यांनी अट घातली. भर आषाढात इगतपुरीला जायचं. गाडीत त्यांच्या अंगावर एक थेंब जरी पडला, तर परत आल्याबरोबर गाडी विकायची. यांनी आईच्या पायाला हात लावून कबूल केलं. मला तर रडूच आलं. लग्न झाल्यापासून मी घराबाहेर पडले ती कुणाच्या बारशाला, नाहीतर बाराव्याला. मला ती गाडी हवी होती, अगदी हट्टाने हवी होती.

हे कामाला लागले. गंज खरवडला, रंग दिला. रंगाच्या दुकानातून पाणी झटकणारं कसलंसं औषध आणून त्याचे हात मारले, आणि वरून मेणाचं पॉलिश माझ्या जुन्या परकराने घासलं. बॉयलरवाल्याला फट दिसली की झोप येत नाही. खिडक्या, टपावरचा झरोका, जिथे फट तिथे पुट्टी. अर्ध्या कॉलनीने बादल्या ओतून पाहिल्या. "वाफसुद्धा बाहेर पडणार नाही," हे छाती फुगवून म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पहिला थांबा देवळाली कॅम्प. सासूबाई गरम भजी घ्यायला उतरल्या आणि परत चढताना पायरीवरून सटकल्या. पुन्हा चढल्या, पुन्हा सटकल्या.

"अहो, पायरीलासुद्धा पॉलिश?" मी विचारलं.

"सुटून कसं चालेल?" हे म्हणाले.

शेवटी दोन फौजींनी "माताजी, संभालके" म्हणत त्यांना पूजेच्या कलशासारखं अलगद उचलून आत ठेवलं. सासूबाई लाजून लाल झाल्या, पण एकही भजं सांडलं नाही.

घोटीच्या अलीकडे नवीनच भानगड. यांनी पुढची काचही सोडली नव्हती. वायपर फिरला की मेण पसरायचं आणि एक म्हैस चार दिसायची. चारांतली खरी कोणती ते कळेना, म्हणून थांबलो. हे साबणाने काच घासू लागले. शेजारच्या खाचरात आवणी (भाताची लावणी) चालली होती. तिथून एक बाई इरलं (बांबूच्या कामट्या आणि पानांचं, पाठीवर घ्यायचं पावसाळी पांघरूण) घेऊनच बांधावर आली. तिने गाडीवरून बोट फिरवलं.

"लय गुळगुळीत हाय! तूप चोळलंय का काय?"

"पाऊस आत येऊ नये म्हणून," मी सांगितलं.

"आनि वारा?" तिने विचारलं. हे आणखी जोरात काच घासू लागले.

इगतपुरीच्या पुढे घाटाच्या तोंडाशी गाडी लावली. एक माकड झाडावरून टपावर उतरलं आणि सुर्रकन दुसऱ्या बाजूने खाली आलं. थोडा वेळ ते आमच्याकडे रागाने बघत बसलं. मग जाऊन सगळं खानदान घेऊन आलं आणि टपाची घसरगुंडी सुरू झाली. सासूबाई पोट धरून हसल्या. त्यांना असं हसताना मी प्रथमच पाहत होते.

आम्ही दारं लावून पिठलं टाकलं, मग चहा ठेवला. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत एक टिपूस नाही. हे मिशीला पीळ देत होते. तेवढ्यात टप्! सासूबाईंच्या नाकाच्या शेंड्यावर एक थेंब पडला.

आम्ही तिघांनीही वर पाहिलं. छताचा गार पत्रा आतून घामेजला होता आणि थेंब रांगेत लटकले होते.

"हा पाऊस नाही, आई!" हे ओरडले. "ही आपलीच वाफ. पिठल्याची, चहाची, बोलण्याची!"

"अहो, तुम्ही गाडी नाही, बॉयलर बांधलाय!" मी कपाळावर हात मारला.

सासूबाईंनी पदराने नाक पुसलं. "थेंब तो थेंब. घरचा असो नाहीतर आभाळातला. अट म्हणजे अट."

माझा जीव गुदमरला, आतल्या हवेनेही आणि दुःखानेही. मी तिरीमिरीत मागचं दार धाडकन उघडलं. समोर अख्खी दरी होती. ढग खालून वर येत होते आणि पलीकडच्या कड्यावरून पाण्याच्या धारा कोसळत होत्या.

सासूबाई उठल्या आणि दारात पाय बाहेर सोडून बसल्या. "कितीदा गेले या घाटातून," त्या म्हणाल्या. "बाळंतपणाला, दवाखान्यात, भाऊ गेला तेव्हा. आगगाडीत खिडकी नेहमी दुसऱ्याची."

"आई, भिजताय," हे म्हणाले.

"भिजू दे. चहा दे इकडे."

परतीच्या वाटेवरही सासूबाई उघड्या दाराशीच भिजत बसल्या. एवढंसं दार उघडल्यावर माणूस किती वेगळं दिसतं, आणि तेच दार आता दुसऱ्याच्या अंगणात जाणार, एवढंच माझ्या मनात येत होतं.

कॉलनीत शिरलो तर फाटकाशी सगळे वाट बघत उभे. यांची मान खाली गेली. सासूबाई उतरल्या, डोक्यापासून पायापर्यंत निथळत.

"काय काकू, गळली का गाडी?" शेजारणीने विचारलं.

"छे! एक थेंब नाही," सासूबाई ठणकावून म्हणाल्या.

"अगंबाई, मग लुगडं एवढं ओलं कशानं?"

"घाम गं," सासूबाई पदर पिळत म्हणाल्या. "आत फार उकडतं."