जाताना जमीन डाव्या हाताला

सोमवार, १६ फेब्रुवारी, दुपारचे दोन वाजून पाच मिनिटं. बॅलार्ड पियरच्या क्रूझ टर्मिनलवर, काउंटरच्या पलीकडून, गळ्यात रेशमी रुमाल बांधलेल्या एका मुलीने मला हसत हसत सांगितलं, "मॅम, गुड न्यूज! तुम्हाला अपग्रेड दिलंय. बाल्कनीवाली केबिन. उजव्या बाजूची."

मागच्या रांगेतल्या कोणीतरी "वा!" म्हटलं. मी म्हटलं नाही. माझ्या शेजारी व्हीलचेअरमध्ये बसलेल्या वन्संनी माझा हात धरला आणि विचारलं, "उजव्या म्हणजे कुठल्या ग, मडम?"

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या भगिनी. वय त्र्याऐंशी. लालबागच्या चाळीत त्यांनी गिरणीकामगारांसाठी खानावळ चालवली. आता त्याच जागेवर टॉवर झालाय, त्याच्या बाविसाव्या मजल्यावर एकट्या राहतात आणि खिडकीतून कॉटन ग्रीनच्या गोदामांपलीकडचं चिमूटभर पाणी बघतात. मी गिरगावातली, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. म्हणून लग्न झाल्या दिवसापासून त्यांची 'मडम'.

त्यांचं माहेर दाभोळजवळ, अगदी समुद्राच्या काठावर. वीसेक वर्षांपूर्वी भावांनी ते घर विकलं. विकणाऱ्यांत माझे यजमान मधुकरही होते. वन्संनी एकच वाक्य उच्चारलं, "या गावात मी पुन्हा पाय ठेवणार नाही." मधुकरांशी बोलणं टाकलं ते टाकलंच. दोन वर्षांनी ते अचानक गेले, तेव्हा वन्सं आल्या, तेरा दिवस माझ्याजवळ राहिल्या, मला चहा करून पाजला. पण भावाचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. तेव्हाही नाही आणि त्यानंतरही नाही.

गेल्या दिवाळीत त्यांच्या खिडकीशी बसलो होतो. दिव्यांनी लखलखलेलं एक जहाज बंदरातून बाहेर पडत होतं.

"ही बोट आपल्या गावावरून जाते काय ग?"

"गोव्याला जात असेल तर जाते. लांबून."

वन्संनी जहाज दिसेनासं होईपर्यंत बघितलं. मग म्हणाल्या, "लांबून बघितलं तर चालेल. पाय कुठे ठेवतेय मी?"

माझं असं ठरलं. तुमचं कसं ठरवायचं ते आता सांगते, कारण क्रूझला कुठे जायचं यापेक्षा कधी जायचं हा प्रश्न मोठा आहे आणि त्याचं खरं उत्तर एजंट देत नाही.

दादरचा आमचा एजंट म्हणाला, "मॅडम, नाताळात जा, काय माहोल असतो!" माहोल म्हणजे दुप्पट भाडं आणि लिफ्टमध्ये रडणारी मुलं. दिवाळीची सुट्टी तशीच. पावसाळा संपल्या संपल्या जाऊ नका, समुद्राच्या अंगातला राग तेव्हा पुरता उतरलेला नसतो आणि बोट लागते. आलेपाक कितीही चघळा. एप्रिल-मे महिन्यांत डेकवर पापड भाजता येतील. उरतो जानेवारी ते मार्च. त्यातही फेब्रुवारीचा मधला आठवडा उत्तम, कारण घराघरांत दहावी-बारावीच्या परीक्षा असतात आणि आईबाप घरात कोंडलेले असतात. शनिवार-रविवार सोडून सोमवारी निघालात तर आणखी स्वस्त. आम्हा दोघींना खिडकीवाली केबिन, जेवणखाण, कर, सगळं धरून चाळीस हजारांच्या आतबाहेर पडलं.

आमची आणखी एक अट होती. वन्संच्या गावच्या दीपस्तंभाचा दिवा दिसायला हवा, तर चांदणं नको. सोळा तारखेच्या संध्याकाळी अमावस्या लागत होती. शेजारच्या बाई घाबरल्या, "अहो, अमावस्येला निघताय?" वन्संनीच उत्तर दिलं, "दिव्याला काळोख लागतो, बाय."

आणि शेवटची अट, तीच सर्वांत महत्त्वाची. मुंबईहून गोव्याला जाताना जमीन डाव्या हाताला असते. उजवीकडे थेट अरबस्तानापर्यंत पाणी. म्हणून मी डाव्या बाजूची केबिन मागितली, ती मिळाल्याची खात्री केली, तिकिटावर नंबर आला. बँकेच्या तक्रार विभागात मी जन्म काढलाय. मी गोष्टी तोंडी ठेवत नाही.

तर काउंटरवर.

"बाळ, मला माझी जुनी केबिन दे."

"मॅम, ही त्याच्यापेक्षा भारी आहे. पूर्ण सी व्ह्यू!"

"समुद्र जहाजाच्या चारी बाजूंना असतो. मला जमीन बघायचीय."

तिने मॅनेजरला बोलावलं. त्याने फारच मऊ आवाजात सांगितलं की ती केबिन दुसऱ्यांना दिली, जहाज भरलंय, आणि नाराजी असेल तर ईमेल करावा. मला न विचारता का बदलली, असं विचारलं तर त्याने पुन्हा ईमेलचा पत्ताच पुढे केला. अपग्रेड मिळालेल्या माणसाला तक्रार असू शकते, हेच त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

पुढे सुरक्षा तपासणीत वन्संच्या पिशवीतला नारळ काढून घेतला. तो त्यांनी समुद्राला द्यायला आणला होता.

"नारळ अलाउड नहीं, माताजी."

"बाँब आहे काय तो?" वन्सं म्हणाल्या. पण टोकन घेतलं. नारळ जप्त केलेल्या दारूच्या बाटल्यांच्या फळीवर जाऊन बसला. तुम्हीही लक्षात ठेवा, घरचं खाणंपिणं आत नेता येत नाही.

साडेचारला जहाज हललं. केबिनमध्ये टीव्हीवर एक नकाशा सतत दिसतो, त्यात आपलं जहाज कुठे आहे ते कळतं. अलिबाग गेलं, मुरूड गेलं. आमच्या बाल्कनीतून सूर्यास्त सुंदर दिसला, हे नाकारत नाही. वन्संनी त्याच्याकडे पाठ करून चहा घेतला.

मनाशी म्हटलं, आठला यांना डेकवर डाव्या कठड्याशी नेऊन बसवू. गेले बघायला, तर डाव्या बाजूला दोरी लावलेली. कुठल्याशा कंपनीची खासगी पार्टी, स्टेज, डीजे. दोरीजवळच्या माणसाने सांगितलं, "अकरानंतर खुला होईल." दाभोळ नऊला येणार होतं. जहाज थांबत नाही.

केबिनमध्ये परतले. आवाज चढवून मॅनेजरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. वन्संनी काठी घेतली, उठल्या आणि दार उघडलं.

"कुठे निघालात?"

"समोरच्यांची खिडकी डावीकडे असणार ना?"

मी अडवायच्या आत त्यांनी समोरच्या दारावर काठीची मूठ वाजवली. उघडलं एका मुलीने. कोपरापर्यंत मेंदी, हातभर हिरवा चुडा. मागे पलंगावर टॉवेलचे दोन हंस आणि गुलाबाच्या पाकळ्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण पायाखाली धरणीही नव्हती.

"आजी, काय झालं?"

"बाय, तुझ्या खिडकीतून माझं माहेर दिसतं. जरा बसू काय?"

मुलगी आत वळून म्हणाली, "सिद्धेश, शर्ट घाल. आजी आल्यात."

वरळीची पोरं. बीडीडी चाळीत लहानाची मोठी झालेली, लग्नाला आठवडा झालेला. प्राची आणि सिद्धेश. मी कॉन्व्हेंटच्या सगळ्या शिष्टाचारानिशी माफी मागायला लागले तर सिद्धेश म्हणाला, "आंटी, बिंधास बसा. चाळीत दारं कोण लावायचं?" त्याने हंस उचलून टीव्हीसमोर ठेवले, वन्संना पलंगाच्या कडेला, खिडकीशी बसवलं आणि न सांगता खोलीतले सगळे दिवे घालवले.

बाहेर काळोख. काचेवर आमचेच चेहरे आधी पुसट दिसले, मग तेही गेले. वरून डीजेचा धमधमाट छतातून उतरत होता. बराच वेळ काहीच नाही. प्राचीने हळूच विचारलं, "आजी, नक्की याच बाजूला?" वन्सं काचेकडे आणखी सरकल्या.

मग लांब, खाली, पाण्याच्या टोकाशी एक ठिणगी उठली आणि विझली. पुन्हा उठली.

"आहे," वन्सं म्हणाल्या.

दिवा येत होता, जात होता. त्याच्या खाली चार-पाच मिणमिणते ठिपके. त्यांतला कुठला कोणाचा, सांगता येणं शक्य नव्हतं.

"मध्या," वन्सं म्हणाल्या, "मध्या अंगणाच्या गडग्यावर चढायचा. रात्रीची बोट गेली की हात करायचा. मी म्हणायची, अरे येड्या, बोटीतल्यांना तू काळोखात दिसतोस काय? तर म्हणायचा, ताय, मी दिसत नाय, पण त्यांना कळतं."

अठरा वर्षांनी मी त्यांच्या तोंडून माझ्या नवऱ्याचं नाव ऐकत होते. एका परक्या मुलीच्या पलंगावर, गुलाबाच्या पाकळ्यांवर बसून.

वन्संनी हात वर केला आणि काचेतून त्या दिव्याकडे हलवला. सावकाश, लहान मुलाला करतात तसा. सिद्धेशनेही केला. प्राचीचा चुडा वाजला, म्हणजे तिनेही. मी कशी मागे राहीन?

दिवा मागे सरकत गेला. खिडकीच्या कडेला टेकून वन्सं शेवटपर्यंत बघत राहिल्या. मग सिद्धेशला म्हणाल्या, "लाव आता लाईट. आणि जेवायला जा दोघं, वाळलात." स्वतः मात्र काही जेवल्या नाहीत. सोमवार होता.

दुसऱ्या दिवशी गोवा. जहाज सकाळी लागतं, संध्याकाळपर्यंत वेळ मिळतो. चर्च आणि बीच आम्ही तरुणांना सोडले. बंदराबाहेर टॅक्सीचे दर आधी ठरवा, नाहीतर ते तुम्हाला ठरवतात. वास्कोतल्या एका साध्या खानावळीत बांगड्याची थाळी खाल्ली. खानावळवाल्या वन्संनी मीठ कमी असल्याचा निकाल दिला आणि ताट चाटूनपुसून साफ केलं.

आता प्रामाणिकपणे एक सांगायलाच हवं. परतताना जमीन उजव्या हाताला येते. म्हणजे बुधवारी उजाडता उजाडता दाभोळचा किनारा आमच्याच बाल्कनीसमोर होता. मी वन्संना शाल गुंडाळून बाहेर बसवलं. पण फेब्रुवारीतलं धुकट, समोरून डोळ्यांवर येणारं ऊन. डोंगरांची एक निळी रेघ तेवढी होती.

"हेच का हो?"

"असेल," वन्सं म्हणाल्या. "परवा रात्री जास्त दिसलं."

उतरताना टोकन देऊन नारळ परत घेतला. घरी पोचल्यावर मी म्हटलं, फोडूया, खोबऱ्याच्या वड्या करू. वन्संनी तो खिडकीत, पाण्याकडे शेंडी करून ठेवला. "राहू दे. पुढच्या खेपेला बंदरावरूनच सोडू." गेल्या रविवारी गेले तर चहा गाळता गाळता म्हणाल्या, "मध्याला आलं जास्त लागायचं, नाय?" मी हो म्हटलं. आता त्या अशा बोलतात, मधेच, काही झालंच नव्हतं असं. या सहलीतून आम्ही घरी काय आणलं म्हणाल तर हे.

मग मी भांडते कशाला? कारण हे वन्संच्या काठीमुळे आणि वरळीच्या दोन मुलांच्या चांगुलपणामुळे घडलं. कंपनीमुळे नाही. ते दार उघडलं नसतं तर? माझ्या ईमेलला उत्तर म्हणून कंपनीने 'आपल्या आनंदात आम्ही सहभागी आहोत' असं कळवलं आणि एक कूपन पाठवलं. ते फक्त नाताळच्या आठवड्यात चालतं.

तेव्हा हा मजकूर मी कंपनीलाही पाठवते आहे. कूपन नको. दोन प्रश्नांची उत्तरं हवीत. मागून घेतलेली केबिन मला न विचारता का बदलली? आणि केबिन देतानाच, कुठल्या बाजूने जमीन दिसेल हे प्रवाशाला लिहून देणार की नाही? वन्संना एप्रिलच्या अमावस्येला पुन्हा जायचंय, उन्हाची पर्वा न करता. नंतर पावसाळा, जहाजं बंद, आणि त्र्याऐंशीच्या बाईला पुढच्या हंगामापर्यंत थांबा असं मी सांगणार नाही. उत्तर लेखी, सहीनिशी, शुक्रवार, १३ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात हवं.