याडीची झोपायची सीट

आईला आम्ही याडी म्हणतो. आमच्या तांड्यावर सगळेच म्हणतात. कापसाच्या त्या वाईट वर्षांत मी उमरखेडच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो, आणि त्याच वर्षांत या माझ्या याडीला अटलांटिक समुद्रावरून झोपवून न्यायचं मी मनावर घेतलं होतं. हे लिहिताना आजही थोडं ओशाळल्यासारखं होतं आणि छातीही फुगते. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहितो.

माझी धाकटी बहीण आश्रमशाळेत शिकली, नर्स झाली, आधी मुंबईला आणि तिथून न्यूयॉर्कला गेली. तांड्यावरून समुद्रापार गेलेली ती पहिलीच. तिचं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तिला जिन्यावरून खाली उतरायलाही मनाई केली. बाळंतपणाला लेकीनं माहेरी यायचं, ही आमची रीत. ती येऊ शकत नव्हती. फोनवर रडू आलं की ती मुद्दाम हसत बोलायची, त्यावरूनच कळायचं.

याडीनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "ते येऊ शकत नाही ना? मंग माहेरानं तिकडं गेलं पाह्यजे."

घरात आम्ही गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलतो. इथे मराठीत लिहितो आहे, पण तिचा आवाज तोच आहे असं समजावं. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुख तुडवायचे. त्यांच्या नातीला न्यूयॉर्क म्हणजे फक्त लांबचा बाजार वाटत होता.

अडचण तिच्या पायाची होती. कापसाच्या गाडीवरून पडल्यापासून तिचा उजवा गुडघा वाकत नव्हता. पाय फार वेळ खाली लोंबकळला की घोटा सुजायचा, आणि एकदा त्यात रक्ताची गाठही झाली होती. यवतमाळच्या हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "पुढे मोकळी जागा असलेली सीट मिळाली तर युरोपापर्यंतचा पहिला टप्पा बसून होईल. दुसरा, समुद्रावरचा टप्पा मात्र झोपूनच झाला पाहिजे. पुन्हा गाठ झाली तर लेकीचं बाळंतपण राहील बाजूला, लेकच हिच्या खाटेशी बसेल."

विमानात झोपून जाता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. ते बहिणीनं सांगितलं. बिझनेस क्लास नावाचा वर्ग असतो, त्यात सीट पूर्ण आडवी होते. मग लगेच म्हणाली, "पण भिया, तो विचार सोडून दे. ते आपल्यासाठी नसतं." भिया म्हणजे थोरला भाऊ. तिच्या या शेवटच्या वाक्याचा मला राग आला. आजही तो राग मला आवडतो.

स्थानकासमोरच्या गल्लीत एक इंटरनेट कॅफे होता. मालकाच्या घरात तीन पिढ्या मोटारी दुरुस्त करणाऱ्यांच्या. यानं संगणक दुरुस्त करायला घेतले आणि मग कॅफेच टाकला. माझ्याच वयाचा. ड्युटी संपली की मी त्याच्याकडे जाऊन बसायचो.

पहिल्या दिवशी भाव पडद्यावर उमटला आणि तो खुर्चीतच मागे रेलला. "कंट्रोलर साहेब, इतके में तो ट्रॅक्टर आता, ट्रॉली के साथ."

"ट्रॅक्टर समुद्रावर चालतो का?"

"नाही चालत. पण हे आकडे बी जमिनीवर चालणारे नाही." असं म्हणून त्यानं चहा सांगितला आणि दुसरी तारीख टाकली.

आम्ही शिकत गेलो. मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत सगळाच प्रवास बिझनेस क्लासचा घेतला तर तो विचारच सोडावा लागे. पण झोपायची गरज फक्त समुद्राच्या टप्प्याला होती. आणि तो टप्पा युरोपातल्या वेगवेगळ्या शहरांतून सुटताना भाव वेगवेगळा असायचा. समुद्र तोच, पलंग तोच. लंडनहून महाग, इटलीतल्या मिलानहून जवळजवळ निम्मा. हे मला चटकन पटलं. एसटीतही थेट गाडीपेक्षा बदलून गेलेलं काही वेळा परवडतं, हे मी रोज लोकांना सांगत होतो. थेट गाडी निघून गेली म्हणून तोंड पाडून उभ्या असलेल्या माणसाला मी खिडकीतून म्हणायचो, "पुसदची पकडा, तिथं उतरा, समोरच्या फलाटावर दुसरी लागते." लोक सुखरूप पोहोचायचे.

तसंच केलं. मुंबई ते मिलान एक साधं तिकीट, मिलान ते न्यूयॉर्क दुसरं, झोपायचं. मध्ये बराच वेळ मोकळा. कॅफेवाल्यानं नागपूरच्या ओळखीच्या एजंटाकडून दोन्ही जागा दुसऱ्या दिवसापर्यंत धरून ठेवल्या. मी बहिणीला फोन केला. एखाद्या पोरानं गुणपत्रिका दाखवावी तसा मी बोलत होतो.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "भिया, मिलानला याडी उतरेल. तिची बॅग कोण घेईल?"

"तिथं हमाल असतीलच ना."

"तिकिटं दोन आहेत. पहिल्या तिकिटाची बॅग तिथंच बाहेर येते. ती घ्यायला याडीला विमानतळाच्या आतून त्यांच्या देशात जावं लागेल. अमेरिकेचा व्हिसा आहे, पण त्या देशाचा आहे का तिच्याकडे? मुंबईतच विमानात चढू देणार नाहीत."

मी हातातला दोन तिकिटांचा कागद दुमडला.

"तिथं फलाट बदलून होत नाही रे," ती म्हणाली. ती अगदी हळू बोलली, मला वाईट वाटू नये म्हणून. त्यामुळेच जास्त वाटलं.

कॅफेवाल्याला सांगितलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. "आपण म्हातारीले पुसदच्या स्टँडवर उतरवून दिलतं साहेब. परदेशात." आम्ही दोघं हसलो. पण घरी जाताना तेच डोक्यात होतं. त्या माझ्या हुशारीवर भरवसा ठेवून याडी मुंबईपर्यंत गेली असती आणि तिथून परत आली असती, आणि तिकडे लेक वाट पाहत राहिली असती.

काही दिवस मी कॅफेत फिरकलो नाही. दिवाळीची सुट्टी लागली. स्थानकावर उभं राहायला जागा नव्हती. खेड्यांकडे जाणाऱ्या गाड्या टपापर्यंत भरलेल्या. आणि त्या गर्दीतून सकाळची पुसदची गाडी जवळजवळ रिकामी निघाली. ती नोकरदारांची गाडी. एरवी तिच्यात मासिक पासवाले शिक्षक, बँकवाले, कचेरीवाले दाटीवाटीनं असतात. सुट्टीत ते घरी असतात. मी माइकवर तिचं नाव पुकारत होतो आणि मनात एकदम आलं, बिझनेस क्लास म्हणजे तरी कोण? कामावर जाणारी साहेब माणसंच. त्यांनाही सण असेलच.

संध्याकाळी कॅफेत शिरताच विचारलं, "साहेब लोकांची दिवाळी कधी असते?"

"नाताळ. काहून?"

"नाताळाच्या आठवड्यात समुद्राचा भाव पाह्य."

तो पाहायला लागला. माझ्याकडे पाठ करून बसला होता, त्यामुळे मला आधी त्याचा चेहरा दिसला नाही. फक्त मान वर झालेली दिसली. मागच्या बाजूच्या साध्या जागा त्या आठवड्यात भरलेल्या आणि महाग होत्या. पुढच्या, झोपायच्या जागांचे भाव उतरले होते. बहिणीची तारीख जानेवारीच्या सुरुवातीची होती.

"कंट्रोलर साहेब," तो म्हणाला, "तुम्ही एसटीत वाया चालले."

आता तिकीट एकच हवं होतं. आमच्याकडे साध्या गाडीचं तिकीट काढलेला माणूस वरचा फरक भरून निमआराम गाडीत बसू शकतो. मी विमान कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत फोन लावला आणि विचारलं, "तिकीट एकच. पहिला टप्पा साधा, पुढची मोकळ्या जागेची सीट. दुसरा टप्पा झोपायचा. फरक भरतो. होतं का?"

फोनवरच्या बाईंनी आधी नाही म्हटलं. मग कारण विचारलं. मी पायाचं सांगितलं, लेकीचं सांगितलं, पहिल्या मुलाचंही सांगून बसलो. तिकडून कळफलकाचा आवाज येत राहिला. "होतं," त्या म्हणाल्या. "बॅग थेट न्यूयॉर्कला जाईल. मध्ये विमान बदलताना त्यांना आमच्या विश्रांतीच्या खोलीत नेतील, चाकाच्या खुर्चीवरून. तिथेही पाय वर करून पडता येईल." मग म्हणाल्या, "आजींना जेवण कोणतं लिहू?"

साध्या तिकिटाचे पैसे बहिणीनं पाठवले होते. वरचा फरक मी भरला. घरावर स्लॅब टाकायचा होता, तो राहिला. बायको म्हणाली, "पत्रे काय पळून चालले का?" एवढंच. त्या बाबतीत ती पुढे कधी बोलली नाही, पावसाळ्यातही नाही.

अडलो होतो ते तांड्यापाशी. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. आज वाढेल, उद्या वाढेल म्हणून लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. खोल्या आढ्यापर्यंत पांढऱ्या. अंथरायला जागा उरली नव्हती. माणसं कापसाच्या ढिगावरच गोधडी टाकून झोपायची आणि सकाळी अंग खाजवत उठायची. लहान पोरांच्या अंगावर पुरळ उठलं होतं. आमच्या पलीकडच्या घरातला कर्ता माणूस त्याच हंगामात गेला. आणि मी झोपायची सीट विकत घेतली होती. मी सगळ्यांना सांगत सुटलो की तिकीट साधंच आहे, लेकीनं पाठवलेलं. खोटं बोलायची सवय नसल्यानं मी ते जरा जास्तच वेळा बोललो असेन.

याडीला मी बजावलं होतं की कुणाला सांगू नको. तिनं तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या ओट्यावर, बायका जमल्या असताना, स्वतःच सांगितलं. "माह्या पोरानं मले पलंग घेतला. विमानात. पाय लांब करून जातो मी."

मी तिथेच उभा होतो. जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

एक म्हातारी हसली. "पलंग? अन् खाली कोण झोपते, पायलट?"

"मोठ्या लोकाईत बसून आमाले वळखशील का नाही?" दुसरी म्हणाली.

"तूच वळखशील का पाह्य. गोरी होऊन येतो मी."

हसणं थांबलं तेव्हा पलीकडच्या घरची बाई उठली. तिचा नवरा जाऊन फार दिवस झाले नव्हते. मी मान खाली घातली. ती घरी गेली आणि आरसे लावून भरलेली तान्ह्या बाळाची टोपी घेऊन आली. "हे नेजो," ती याडीला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "भाऊ, तोंड कायले लपवून राह्यले? आपल्या तांड्याची बाई झोपून चालली समुद्रावरून. सांगा ना साऱ्याईले. आमीबी सांगून राह्यलो."

त्यानंतर जो तो काहीतरी आणून देऊ लागला. डिंक, ओवा, खोबरं, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. बॅग बंद होईना. माझ्या मनातलं ओझं त्या बाईच्या बोलण्यानं उतरलं असं मी म्हणणार नाही. ते अजून आहे. पण त्या दिवसापासून मी तिकीट साधं आहे असं म्हणायचं थांबवलं.

बहिणीनं याडीला सुती साडी नेसून यायला सांगितलं होतं, विमानतळावर धातू तपासतात म्हणून. याडी आपला आरशांचा घागरा, फेटिया, आणि कांचळी चोळी घालूनच निघाली, केसांत चांदीच्या घुगऱ्या लोंबत. मुंबईला तपासणीच्या दारात ती शिरली तेव्हा ते यंत्र ओरडू लागलं ते थांबेचना. तिथली शिपाई बाई हसून तिच्याभोवती फिरली. "आजी, किती वाजताय तुम्ही!" याडीनं काचेपलीकडून माझ्याकडे पाहिलं, आणि चाकाची खुर्ची तिला घेऊन गेली.

मी परत ड्युटीवर आलो. दोन गाड्या पुकारायच्या मध्ये खिडकीतून बाहेर पाहायचो, तर कॅफेवाला स्थानकाच्या दारातून हातानं विचारायचा, काय झालं? मी मान हलवायचो. शेवटी नियंत्रण कक्षातला फोन वाजला. तो नंबर मी बहिणीला देऊन ठेवला होता.

"पोहोचली," ती म्हणाली.

"पाय?"

"घोट्यावर बोट दाबून पाहिलं भिया. दोन्ही बाजूंनी. खड्डा पडत नाही. सूज नाही."

तेवढ्यात तिकडे फोन याडीनं घेतला.

"झोप लागली का याडी?"

"कायची झोप! ती पोरगी आली, बटन दाबलं, सीट अशी आडवी झाली. म्या म्हटलं, झोपून गेलो तं पाह्यल कोण? पाय लांब करून जागीच राह्यलो साऱ्या रस्त्यानं. बाजूले एक साहेब घोरत होता." मग आवाज बदलून म्हणाली, "हे पोरगी लय वाळली रे. काही खात नाही. मी आता चुलीकडं जातो, ठेव."

फोन ठेवला. खिडकीशी एक माणूस कधीचा उभा होता. "साहेब, पुसद लागली का?" मी माइक हातात घेतला आणि फलाट सांगायच्या आधी, सगळ्या स्थानकाला ऐकू जाईल असं, याडी न्यूयॉर्कला पोहोचली म्हणून सांगून टाकलं.