पिंगळ्याची माशी

वादळात पंखाला मार बसलेला एक पिंगळा वनखात्याच्या माणसांनी बरा होईपर्यंत माझ्याकडे सोपवला. साकोलीच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते, एवढ्या भांडवलावर. सानगडीच्या घरी पडवीत त्याला टोपलीखाली ठेवला. आईने नाक मुरडलं आणि दुसऱ्या दिवसापासून तीच त्याला खिमा भरवू लागली.

त्याच्या पिसांत मला एक माशी सापडली. लाखोरीच्या डाळीएवढी, चपटी, खेकड्यासारखी आडवी पळणारी. पक्ष्यांचं रक्त पिणाऱ्या अशा माश्या मी पाहिल्या होत्या, पण हिच्या पंखावरच्या शिरा वेगळ्या होत्या. पुण्याच्या एका अभ्यासक बाईंकडे ती पाठवली. त्यांचा फोन आला, जात नवी दिसते, पण ही मादी आहे. एकटीवरून ठरवता येत नाही, नर पाहिजे.

आयुष्यभर दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवत आले होते. एकदा तरी आपलं काही असावं, असं मला फार वाटत होतं.

घरी येऊन पाहते तर आई पिंगळ्याला मांडीवर घेऊन त्याची पिसं निवडत होती आणि सापडेल ती माशी दोन नखांत चिरडत होती. मी ओरडलेच.

"तुह्या डोक्यातल्या उवा बी बाटलीत भरून ठेवाच्या होत्या का मंग?" ती म्हणाली. "रक्त पिऊन राहिल्या त्याचं."

पुढचे काही दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. पिंगळ्याचं पीस न् पीस चाळलं, पण आईचं काम चोख. माशी काही दिसली नाही. पंख बरा झाला आणि एका सकाळी वनखात्याची माणसं त्याला न्यायला येणार होती. आईच त्याला त्यांच्या हवाली करणार होती. मी कॉलेजात गेले आणि दिवसभर पोरांवर चिडचिड केली.

संध्याकाळी परतले तर आई अंगणात डोक्याला दुपट्टा घट्ट बांधून बसलेली. चहासुद्धा मांडला नव्हता.

"बरं नाही वाटत का?"

"पाखरू देऊन राहिली होती ना सकाळी, तवा एक उडून केसात घुसली. तवापासून चालून राहिली. म्या हात नाई लावला. काढ आता."

माझ्या डोक्यात एक ऊसुद्धा जिला खपायची नाही, ती ही बाई. मी बारीक फणी आणली, पुढ्यात पांढरा कागद पसरला. आई मान खाली घालून बसली, जराही हलली नाही. कानामागून माशी निघाली, जिवंत. बाटलीला बूच लावलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. पुढे तो नर निघाला आणि जात नवी ठरली.

"डोकं धुऊन दे," आई म्हणाली.

पाणी तापवलं. केस वर घेतले तर तिच्या मानेवर लाल गांधी उठल्या होत्या. मला रडूच आलं.

"आई, चावत होती?"

"चावनारच ना. सकाळपासून उपाशी होती बिचारी."