पाटीवरची सावली

आमच्या मजल्यावर राहणाऱ्या एक्स-रे तंत्रज्ञांना सगळे ‘फोटोवाले काका’ म्हणत. उमेदीची वर्षे त्यांनी अंधाऱ्या खोलीत फिल्म धुण्यात घालवली. पुढे रुग्णालयात सपाट डिजिटल पॅनेल आले आणि देहाच्या आतली हालचाल, घडत असतानाच, पडद्यावर दिसू लागली. काका त्या पॅनेलला ‘पाटी’ म्हणत. तिची एक खोड त्यांना चांगली ठाऊक होती: आधीच्या रुग्णाची पुसट सावली कधीकधी तिच्यावर रेंगाळते. शंका आली की ते समोरची जागा रिकामी करून किरण सोडत आणि पडदा कोरा दिसला की मगच पुढच्या कामाला लागत.

काकूंना जेवताना घास अडकू लागला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तपासणी सांगितली. पांढऱ्या औषधाचा पेला घेऊन काकू पाटीसमोर उभ्या राहिल्या.

“जन्मभर जगाचे फोटो काढलेत, माझा एक धड काढला नाहीत.”

“हा तरी न बोलता काढून घे. हं, घोट घे.”

पडद्यावर पांढरी धार खाली उतरली आणि छातीच्या मध्यावर सुतासारखी बारीक झाली. तिच्या कडेला एक वेडावाकडा डाग होता.

“मघाच्या आजोबांची सावली,” काका काचेमागे डॉक्टरीणबाईंना हसत म्हणाले. “आणि ही बाई घाबरून गिळतेय.”

काकूंना बाजूला बसवून त्यांनी किरण सोडले. पडदा स्वच्छ होता. “बघा, गेली!” असे म्हणत त्यांनी काकूंना पुन्हा उभे केले. दुसरा घोट उतरला. धार तिथेच बारीक झाली. डागही तिथेच होता.

काकांनी काकूंना परत बाजूला केले. पडदा कोरा.

“काय हो, आज माझ्यावरच एवढी मेहनत?” काकूंनी विचारले.

पाटीसमोर कोणीही नसताना काकांनी आणखी एकदा किरण सोडले. कोरा. मग आणखी एकदा. हात पुन्हा बटणाकडे गेला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो हलकेच धरला.

“काका, पाटी चांगली आहे.”

काचेपलीकडे काकू ओठांवरचे पांढरे रुमालाने टिपत होत्या आणि ‘झालं का?’ म्हणून हातानेच विचारत होत्या.